थडग्याच्या भिंतीवरचा रंग आणि माणसाचा वर्ण

आपला प्रश्न असा आहे: फारोह सेती पहिला याच्या थडग्यात चार प्रकारच्या माणसांचे जे प्रसिद्ध चित्र आहे, त्यावरून प्राचीन इजिप्शियन लोकांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा वर्ण नेमका कसा होता हे ठरवता येते का? आणि ठरवता येत असेल, तर त्याच देशाच्या चित्रांत नवरा तांबडा आणि बायको पिवळी का दिसते? भित्तिचित्रांच्या जतनाचे काम करताना आणि ते शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की त्याचे एका वाक्यातले उत्तर माझ्याकडे तयार असते. त्या रंगांत डोळ्यांनी पाहिलेले बरेच काही आहे, परंतु ते रंग मोजून घेतलेले नाहीत. आणि ‘हा आपला, तो परका’ हे सांगण्याचे काम चित्रकाराने रंगापेक्षा वेशावर, केसांवर आणि देहाच्या ठेवणीवर अधिक सोपवले आहे. उत्तराचा उरलेला भाग लांब आहे, कारण या विधानाला जितके पुरावे आहेत तितकेच अपवादही आहेत, आणि माझ्या मते अपवादच अधिक शिकवतात.

प्रथम त्या चित्राकडे पाहू. राजांच्या खोऱ्यातले सेतीचे थडगे जोव्हानी बेल्झोनी याने १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये उघडले. सेतीचा काळ साधारण इ.स.पू. १२९० ते १२७९ असा धरला जातो. या थडग्याच्या भिंतींवर ‘द्वारांचा ग्रंथ’ म्हणून ओळखली जाणारी रचना कोरून रंगवलेली आहे. रात्रीचे बारा तास सूर्यदेव पाताळातून कसा प्रवास करतो, त्याचे ते वर्णन आहे. त्यातल्या पाचव्या तासात माणसांचे चार गट एकामागून एक चालताना दिसतात. ‘रेमेत्’ म्हणजे इजिप्तचे लोक तांबूस तपकिरी अंगाचे आणि आखूड पांढऱ्या वस्त्रातले आहेत. ‘आमू’ म्हणजे सीरिया-पॅलेस्टाइनकडचे लोक फिकट पिवळसर अंगाचे असून त्यांना टोकदार दाढी, डोक्याला पट्टी आणि गोंडे लावलेले रंगीत वस्त्र आहे. ‘नेहेसू’ म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडच्या न्युबियाचे लोक काळे रंगवलेले आहेत. ‘त्येमेहू’ म्हणजे लिबियाचे लोक अगदी फिकट असून त्यांच्या केसांत पिसे, अंगावर गोंदण आणि खांद्यावर नक्षीदार पांघरूण आहे.

हे चित्र वंशांचा तक्ता म्हणून छापले जाते, आणि गैरसमजाला तिथूनच सुरुवात होते. शेजारच्या मजकुरात होरस देव या सगळ्यांना ‘रेची गुरे’, म्हणजे सूर्यदेवाची गुरे, म्हणतो. इजिप्शियन भाषेत ‘माणसे’ आणि ‘अश्रू’ हे शब्द उच्चाराने जवळचे आहेत, त्यामुळे माणसे देवाच्या डोळ्यातल्या आसवांतून जन्मली असा श्लेष त्या मजकुरात साधलेला आहे. पुढे आमू आणि त्येमेहू यांच्या आत्म्यांचे रक्षण सेख्मेत देवी करते आणि नेहेसूंच्या आत्म्यांचे होरस करतो, असेही सांगितले आहे. म्हणजे ज्या परकीयांना राजा देवळाच्या भिंतीवर केस धरून गदेने ठेचताना दिसतो, त्याच परकीयांना त्याच्या थडग्यात मरणोत्तर जगाचे नागरिकत्व मिळालेले आहे. हे सारे जग सूर्याच्या छत्राखाली आहे, हे दाखवण्यासाठी चित्रकाराला चार दिशांचे चार नमुने हवे होते. नमुने एकमेकांपासून जितके वेगळे दिसतील तितके बरे, म्हणून त्याने प्रत्येकाचे वेगळेपण ताणून रंगवले. त्या काळी खालच्या आणि वरच्या नाईलकाठी फिरणाऱ्या माणसाला गहूवर्णी, निमगोरे, सावळे, काळेसावळे असे सगळे चेहरे दिसत असणार. चार डब्यांत त्यांची वाटणी झालेली त्याला कुठेच आढळली नसती.

यात आणखी एक अडचण आहे आणि ती माझ्या व्यवसायाची आहे. आपण जे चित्र पाहिले ते बहुधा भिंतीचे छायाचित्र नसून कागदावरची नक्कल असणार. बेल्झोनी आणि त्याचा सहकारी अलेस्सांद्रो रिच्ची यांनी जलरंगात प्रती काढल्या आणि १८२१ साली लंडनच्या पिकॅडिलीमध्ये थडग्याच्या दालनांची प्रतिकृती उभारून लोकांना दाखवली. प्रशियाच्या मिनुटोली याच्या नावाने प्रचलित असलेले, प्रत्येक गटातला एकेकच माणूस दाखवणारे रेखाटनही १८२० च्या सुमाराचेच आहे. मूळ भिंतीवरचा बराच रंग एकोणिसाव्या शतकात ठसे घेण्याच्या पद्धतींमुळे उडून गेला. त्यामुळे नकलेतला काळा किती काळा होता आणि फिकट किती फिकट होता, हे ठरवताना आपण सेतीच्या चित्रकाराइतकेच त्या नक्कलकाराच्या डोळ्यावर आणि त्याच्या रंगपेटीवर अवलंबून असतो. तिसऱ्या रामसेसच्या थडग्यातल्या अशाच आकृत्यांचे जे पान वादविवादांत फिरत असते, ते जर्मन अभ्यासक रिचर्ड लेप्सियुसच्या मोठ्या ग्रंथाच्या पुरवणी खंडातले आहे. तो खंड त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९१३ साली निघाला, आणि त्या पानावर सुट्या आकृत्या शेजारी शेजारी जुळवून मांडलेल्या आहेत. भिंतीवरचा क्रम म्हणून ते पान वाचणे योग्य नव्हे.

या चित्रांचा वापर कोणी कशासाठी केला हेही पाहण्यासारखे आहे. १८५४ साली अमेरिकेत जोसाया नॉट आणि जॉर्ज ग्लिडन यांनी इजिप्तची चित्रे पुढे करून मानववंश मुळापासूनच वेगवेगळे आहेत असे प्रतिपादन केले, आणि गुलामगिरीच्या समर्थकांना ते आयतेच मिळाले. पुढे १९७४ साली युनेस्कोने कैरोत भरवलेल्या परिसंवादात सेनेगलचे शेख अंता दिओप यांनी प्राचीन इजिप्शियन हे कृष्णवर्णी आफ्रिकी होते असे आग्रहाने मांडले. दोन्ही बाजूंच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दिओप यांच्या रागामागचा इतिहास मला पूर्णपणे समजतो. तरीही भिंतीवरच्या रंगाकडे त्वचेचा नमुना म्हणून पाहण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

आता प्रत्यक्ष रंगाकडे येते, कारण इथे हातात काहीतरी ठोस लागते. ही चित्रे फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेली, नव्हेत. अजिंठ्याप्रमाणेच इथेही कोरड्या गिलाव्यावर डिंक किंवा सरस यांत कालवलेला रंग लावलेला आहे, आणि रंगांची यादीही आपल्याकडच्या माणसाला ओळखीची वाटावी अशीच आहे: गेरू, पिवळी माती, काजळी, चुन्याच्या जातीचे किंवा जिप्समचे पांढरे, हरताळ, कधी मनशीळ, आणि तांबे, वाळू व चुना एकत्र भाजून केलेला निळा. पुरुषाचे अंग म्हणजे गेरू, त्यात थोडे कमीअधिक पांढरे किंवा पिवळे. स्त्रीचे अंग म्हणजे पिवळी माती आणि पांढरे. न्युबियन माणसाचे अंग म्हणजे काजळी, किंवा काजळीत गेरू मिसळून केलेला गडद तपकिरी. आशियाई आणि लिबियन माणसांसाठी पिवळ्यात किंवा गेरूत पांढऱ्याचे प्रमाण वाढवायचे. त्वचेला उजेड-सावली द्यायची पद्धत जवळजवळ नव्हतीच. एका आकृतीला एकच सपाट अंगरंग भरायचा आणि शेवटी गडद रेषेने कडा बांधायची.

होरेमहेबचे अपुरे राहिलेले थडगे १९०८ साली सापडले, त्यात ही कामाची पद्धत अर्धवट अवस्थेत उघडी पडलेली दिसते: आधी चौकटींची जाळी, तिच्यावर लाल रेषेतले पहिले रेखाटन, आणि त्यावर जाणत्या हाताने काळ्या रेषेत केलेल्या दुरुस्त्या. हे पाहिले की एक साधी गोष्ट लक्षात येते. अशा कारखान्यात एकदा गेरूचे मडके कालवले की त्या भिंतीवरचे सगळे इजिप्शियन पुरुष त्याच मडक्यातून रंगणार. त्या भिंतीवरचा वजीर आणि त्याचा नांगऱ्या यांचे वर्ण तंतोतंत एक होते असे कोणीच म्हणणार नाही, पण मडके एकच होते.

रंग टिकतात किती, हाही प्रश्न आहे. गेरू हजारो वर्षे जसाच्या तसा राहतो. हरताळ उजेडात हळूहळू फिका पडून पांढरट होतो आणि मनशीळ पिवळी होते. जुन्या पोथीतली चूक झाकायला लेखक ज्या हरताळाचा लेप देत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार आला; इथे हरताळ स्वतःच पुसला जातो, हा त्यातला विनोद. थोडक्यात, आज आपल्याला ‘गोरीपान’ दिसणारी आकृती काढली त्या दिवशी तशीच होती असे गृहीत धरता येत नाही.

नवरा तांबडा आणि बायको पिवळी यांचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे मैदूम येथे १८७१ साली सापडलेले राहोतेप आणि नोफ्रेत यांचे पुतळे. चौथ्या राजवंशातले, इ.स.पू. २६०० च्या आसपासचे हे जोडपे आज कैरोच्या संग्रहालयात शेजारी शेजारी बसलेले आहे. राहोतेप गेरूसारखा तांबूस, आणि नोफ्रेत सायीसारखी फिकट पिवळी. दोघांचे डोळे जडवलेले आहेत आणि ते इतके जिवंत वाटतात की पुतळे सापडले तेव्हा आत पहिल्यांदा शिरलेला मजूर घाबरून पळाल्याची आख्यायिका सांगितली जाते. या फरकाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की पुरुष उन्हात रापतो आणि स्त्री घरात राहते. ते काही अंशी खरे असावे. पण ते हवामानाचे वर्णन असण्यापेक्षा प्रतिष्ठेचे वर्णन आहे. याला एक चांगला पुरावा आहे. ‘जुने राज्य’ म्हणवल्या जाणाऱ्या, पिरॅमिडांच्या काळातले काही प्रौढ, पोट सुटलेले पुरुष अधिकारीही पिवळे रंगवलेले सापडतात. बैठे काम, उतारवय आणि भरलेले अंग ही तिथे यशाची खूण आहे, आणि पिवळा रंग त्या खुणेचाच भाग झाला आहे. म्हणजे पिवळा रंग जन्माने मिळालेल्या वर्णापेक्षा जगण्याच्या पद्धतीशी अधिक बांधलेला होता.

हा संकेत किती जाणीवपूर्वक वापरला जात असे, ते हातशेप्सुतच्या देइर अल्-बहरी येथील देवळात दिसते. ती स्त्री होती आणि तिने राजपद घेतले. तिथे मृतांचा देव ओसिरिस याच्या रूपात तिचे जे भव्य पुतळे आहेत, त्यांतल्या सुरुवातीच्या पुतळ्यांची त्वचा पिवळी, नंतरच्यांची नारिंगी आणि शेवटच्यांची तांबडी आहे. बाईचा वर्ण काही वर्षांत बदलला नाही. तिचे पद बदलले, आणि मूर्तिकारांनी पदाचा रंग लावला. पुढे अखेनातेन या राजाच्या, म्हणजे अमार्ना काळात हा नियम सैल होतो. लुडविग बोर्खार्ट याला १९१२ च्या डिसेंबरात थुतमोस या मूर्तिकाराच्या कार्यशाळेत सापडलेला, आज बर्लिनला असलेला नेफेरतितीचा अर्धपुतळा तांबूस तपकिरी आहे, पिवळा नाही. आणखी काही दशकांनी दुसऱ्या रामसेसची राणी नेफेरतारी हिच्या थडग्यात चित्रकारांनी तिच्या चेहऱ्याला आणि हातांना तांबूस छटा देऊन चक्क थोडी छायाही दिली आहे. गेटी संस्थेने इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याबरोबर १९८६ ते १९९२ या काळात ज्या भिंतींचे जतन केले, त्या याच. सपाट अंगरंगाची हजारो वर्षांची शिस्त मोडणारी ती छटा छायाचित्रातसुद्धा पाहिली की मी दर वेळी थांबते.

काळा रंग दिसला की न्युबिया, हे समीकरणही टिकत नाही. हॉवर्ड कार्टर याला १९०० साली देइर अल्-बहरीला मेंतुहोतेप दुसरा या राजाचा बसलेला पुतळा सापडला. डोक्यावर लाल मुकुट, अंगावर पांढरे वस्त्र आणि त्वचा कोळशासारखी काळी. हा काळा रंग ओसिरिसचा आहे, पुराने आणलेल्या गाळाचा आहे, मरून पुन्हा उगवण्याचा आहे. इजिप्शियन लोक आपल्या देशाला ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी म्हणत, ते याच गाळावरून. पलीकडचे वाळवंट म्हणजे ‘देशरेत’, लाल भूमी. काळ्या मातीचे महत्त्व मराठी शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. राणी अहमोस-नेफेरतारी मृत्यूनंतर देवत्वाला पोहोचली आणि देइर अल्-मदिना येथील कारागिरांच्या थडग्यांत अनेकदा काळ्या अंगाने प्रकट झाली. ओसिरिस कधी काळा, कधी हिरवा. आमोन देव पुढे निळा. विठोबाला सावळा आणि कृष्णाला निळा पाहत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना हे समजायला युरोपीय वाचकापेक्षा सोपे जावे. गणपतीच्या कारखान्यात कृष्णाचा निळा कुठल्या वंशाचा, असे कोणी विचारत नाही.

परकीयांकडे वळताना मी नेहमी बेनी हसनपासून सुरुवात करते, कारण तिथे निरीक्षण आणि संकेत दोन्ही एकाच पट्टीत दिसतात. ख्नुमहोतेप दुसरा या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात, सेनुस्रेत दुसरा याच्या सहाव्या राजवर्षाचा उल्लेख करून, आमू लोकांचा एक तांडा रंगवला आहे. पुढे उभा असलेला लेखनिक नेफेरहोतेप हातातला दस्तऐवज दाखवतो, आणि त्यावर सदतीस माणसे आल्याचे लिहिले आहे. ते सुरम्यासाठी लागणारे काळे शिशाचे खनिज घेऊन आले आहेत. चित्रात प्रत्यक्षात पंधराच आहेत: आठ पुरुष, चार स्त्रिया, तीन मुले. बाकीची माणसे आकड्यात आहेत, भिंतीवर मावलेली नाहीत.

पुढचा माणूस आबिशा. त्याच्या नावाशेजारी ‘परदेशांचा अधिपती’ अशी पदवी आहे. तो किंचित वाकलेला आहे, एका हाताने त्याने डोंगरी बकऱ्याला धरले आहे आणि त्याचे पाय अनवाणी आहेत. मागच्या पुरुषांच्या पायांत वहाणा, आणि बायकांच्या पायांत घोट्यापर्यंतचे बूट. वस्त्रे लाल, निळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची आणि नागमोडी नक्षीची. शेजारच्या इजिप्शियनांच्या पांढऱ्या लिननपुढे ती एकदम डोळ्यांत भरतात. एका गाढवाच्या पाठीवरच्या खोगिरातून दोन मुलांची डोकी बाहेर आली आहेत. एक माणूस वीणेसारखे तंतुवाद्य वाजवत चालला आहे. अंगाचा रंग पाहाल तर पुरुष इजिप्शियनांपेक्षा थोडे फिके, पिवळट तपकिरी. त्यांच्या बायका त्याहून थोड्या फिक्या. म्हणजे परक्या जमातीलाही चित्रकाराने आपलाच स्त्री-पुरुषांचा नियम लावला. बुटांची घडण, दाढीची ठेवण, कुऱ्हाडीचा आकार या गोष्टी त्याने पाहून टिपल्या आहेत; अंगरंग मात्र एक पायरी वर किंवा खाली सरकवला आहे. रंग ही तुलना आहे, आणि बूट ही नोंद आहे.

हाच विचार मेसेहती या प्रांताधिकाऱ्याच्या अस्यूत येथील थडग्यातल्या लाकडी सैनिकांबाबतही लागू पडतो. चाळीस भालाईत इजिप्शियन तांबूस, आणि चाळीस न्युबियन तिरंदाज गडद तपकिरी. दोन्ही तुकड्या एकाच सरदाराच्या, एकाच बाजूने लढणाऱ्या.

वेशाचे महत्त्व किती, हे वजीर रेखमिरे याच्या थडग्यात कळते. थुतमोस तिसरा याच्या काळातल्या या भिंतीवर पुंत (तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडचा देश), क्रीट व समुद्रातली बेटे, न्युबिया आणि सीरिया येथील लोक ओळीने नजराणे आणताना दिसतात: जिराफ, लहान हत्ती, अस्वल, हस्तिदंत, धातूची भांडी. क्रीटचे लोक, ज्यांना इजिप्शियन ‘केफ्तिउ’ म्हणत, तांबूस अंगाचेच आहेत. लांब कुरळ्या बटा सोडल्या तर रंगावरून त्यांना वेगळे काढता येत नाही. पण त्यांच्या कमरेकडे नीट पाहिले तर आधीचे एक वस्त्र खोडून त्यावर नवीन पद्धतीचे नक्षीदार वस्त्र रंगवलेले दिसते. काम चालू असताना किंवा झाल्यावर कोणाच्या तरी ध्यानात आले की या लोकांचा वेश आता असा नसतो, आणि ती दुरुस्ती करण्याइतके ते महत्त्वाचे मानले गेले. पूर्वी आपल्याकडे पागोट्याच्या बांधणीवरून माणसाचा मुलूख ओळखत. रेखमिरेच्या चित्रकाराचा डोळा त्याच जातीचा होता. पुंतचे लोकही हातशेप्सुतच्या देवळात तांबूसच आहेत, फक्त त्यांची दाढी लांब आणि निमुळती आहे.

आता न्युबिया, जिथे हा विषय सर्वांत अवघड आणि सर्वांत समृद्ध होतो. तुतानखामोनचा कुशमधला, म्हणजे न्युबियातला, राजप्रतिनिधी हुय याच्या थडग्यात न्युबियन सरदार सोने घेऊन येतात. कानांत कुंडले, केसांत पिसे, अंगावर बिबट्याचे कातडे. एक राजकन्या बैलांनी ओढलेल्या रथात उभी आहे. या रांगांतले काही लोक काळे आहेत आणि काही तपकिरी. याचे एक कारण अगदी कामचलाऊ आहे: एकावर एक चढणाऱ्या आकृत्या सपाट रंगात रंगवल्या तर त्यांचा एकच डाग होतो, म्हणून चित्रकार गडद-फिका असा आलटून पालटून रंग भरतो. दुसरे कारण असेही असू शकते की न्युबियात खरोखरच वेगवेगळ्या छटांचे लोक होते. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

त्या रांगेत आघाडीला लोटांगण घातलेला एक सरदार आहे, न्युबियातल्या मिआमचा अधिपती हेकानेफेर. त्याचे नाव शेजारी लिहिलेले आहे, आणि त्याचा वेश पूर्ण न्युबियन आहे. याच हेकानेफेरचे स्वतःचे थडगे तोश्का येथे होते. नासर सरोवराच्या पाण्याखाली तो भाग जाण्यापूर्वी, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम केली सिम्पसन यांच्या पथकाने त्याचा अभ्यास केला. तिथे थडग्याची रचना इजिप्शियन, मृताबरोबर ठेवायच्या शाब्ती बाहुल्या इजिप्शियन, पदव्या इजिप्शियन. राजवाड्यातल्या बालगृहात वाढल्याचा मान मिरवणारी पदवीसुद्धा त्यांत आहे. स्वतःच्या मरणाच्या घरात हा माणूस इजिप्तचा सरदार आहे. हुयच्या भिंतीवर तो पिसे लावलेला परका आहे. माणूस एकच, भिंती दोन, आणि भिंतीचा मालक वेगळा.

याच्या नेमके उलट उदाहरण मैहेरप्री याचे. त्याचे थडगे व्हिक्टर लोरे यांनी १८९९ साली राजांच्या खोऱ्यात शोधले. तोही राजवाड्यातल्या त्याच बालगृहात वाढलेला. त्याच्यासाठी केलेल्या मृतांच्या ग्रंथाच्या पपायरसवर तो गडद, जवळजवळ काळ्या अंगाचा रंगवला आहे. पण अंगावरचे पांढरे लिनन, देवांपुढे उभे राहण्याची पद्धत, शेजारची प्रार्थना, सगळे अस्सल इजिप्शियन आहे. परकेपणाची एकही खूण त्याच्यावर नाही. चित्रकाराने त्याचा वर्ण पाहिला, रंगवला, आणि त्याला इजिप्शियनांत ठेवले. हुयच्या भिंतीवरचा हेकानेफेर आणि पपायरसवरचा मैहेरप्री शेजारी ठेवून पाहा. रंग आणि परकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायला मला याहून चांगली जोडी ठाऊक नाही. अखेनातेनच्या काळातल्या आतेन देवाच्या मोठ्या स्तोत्रातही, लोकांच्या भाषा वेगळ्या, स्वभाव वेगळे आणि त्वचा वेगळ्या, कारण देवानेच त्यांना वेगळे केले, अशा आशयाची ओळ येते. विशेष म्हणजे इजिप्शियन भाषेत रंगासाठीचा ‘इवेन’ हा शब्द माणसाच्या प्रकृतीसाठीही वापरला जाई.

अर्थात या कलेची दुसरी, क्रूर बाजू झाकून चालणार नाही. राजाच्या शत्रूंना ‘नऊ धनुष्ये’ म्हणत, आणि ती धनुष्ये राजाच्या पायाखाली असावीत असा संकेत होता. तुतानखामोनच्या थडग्यात सापडलेल्या वहाणांच्या तळव्यांवर बांधलेले आशियाई आणि न्युबियन कैदी रंगवले आहेत, म्हणजे प्रत्येक पावलाला ते तुडवले जावेत. त्याच्या एका काठीच्या वळलेल्या टोकाला असे दोन कैदी पाठीला पाठ लावून जोडले आहेत. आशियाई माणसाचे तोंड आणि हातपाय हस्तिदंताचे, न्युबियन माणसाचे आबनुसाचे. इथे रंग कोणी कालवलेला नाही. पदार्थच रंग आहे, आणि दोन्ही पदार्थ परमुलखातून येणारे मौल्यवान माल आहेत. राजाच्या हातात शत्रू आणि त्याच्या देशाची संपत्ती एकाच वेळी येते. तिसऱ्या रामसेसच्या मेदिनेत हाबू येथील झिलईच्या फरशांवरही लिबियन, न्युबियन, सीरियन, हित्ती कैदी त्यांच्या वस्त्रांच्या बारीक नक्षीसकट बांधून उभे केले आहेत. कापडाच्या नमुन्यांचा अभ्यास करणाऱ्यांना त्या फरशा म्हणजे खजिना आहे, आणि तो साखळदंडातल्या माणसांच्या अंगावर आहे.

अशा दृश्यांतल्या माणसांना कोणी प्रत्यक्ष पाहिले होते का, याविषयी एक नमुना सांगते. पाचव्या राजवंशातल्या साहुरेच्या देवळात हरलेल्या लिबियन सरदाराची बायको आणि दोन मुले हात पसरून उभी आहेत, आणि तिघांची नावे लिहिलेली आहेत. सहाव्या राजवंशातल्या पेपी दुसऱ्याच्या देवळात तेच कुटुंब, त्याच नावांनी, पुन्हा हरते. मग साहुरेनंतर सुमारे सतराशे-अठराशे वर्षांनी, इ.स.पू. सातव्या शतकात, न्युबियातल्या कावा येथील देवळात तहार्का राजापुढे तीच बायको आणि तीच मुले पुन्हा याचना करताना दिसतात. तहार्का हा स्वतः कुशचा, म्हणजे जुन्या संकेताप्रमाणे ‘नेहेसू’. नऊ धनुष्यांतले एक धनुष्य आता सिंहासनावर बसले होते, आणि त्याने सिंहासनाबरोबर चित्रांचा साचाही उचलला. त्याच्यामागून राजा झालेल्या तनुतामनीचे अल्-कुर्रू येथील थडगे पाहा: डोक्यावर कुशची घट्ट टोपी, पण अंगाचा रंग राहोतेपसारखा गेरूचा.

आपण हे चित्र व्याख्यानात किंवा लेखात वापरणार असाल, तर माझी सूचना अशी की सेतीच्या थडग्यातल्या आकृत्यांखाली ती नक्कल कोणाची आणि कोणत्या सालची आहे ते लिहावे, ‘द्वारांचा ग्रंथ, पाचवा तास’ हे शब्द गाळू नयेत, आणि जागा असेल तर त्याच पानावर मैहेरप्रीचा पपायरसही द्यावा. छायाचित्रावरून अंगरंगांची तुलना करायचीच असेल तर ती एकाच भिंतीवरच्या आकृत्यांमध्ये करावी. दोन वेगळ्या थडग्यांतली, दोन वेगळ्या छापखान्यांतून आलेली चित्रे शेजारी ठेवून ‘हा त्याच्यापेक्षा काळा’ असे म्हणू नये. आणि तांबडा रंग कुठे संपतो ते पाहण्याआधी पायांत वहाणा आहेत की बूट, ते पाहावे.